विचारा बाईंना: तांबडी भाजी, चेपलेली तोरं आणि पेशीची भिंत

प्रश्न: बाई नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होती, पाचवीपासून सगळं इंग्लिशमधून. सायन्सला प्लांट सेल आणि ॲनिमल सेल ह्यातल्या फरकाचा तक्ता आहे, तो तिने धडाधड पाठ केलाय, पण झाडाच्या पेशीला भिंत का आणि आपल्या पेशीला का नाही असं विचारलं तर म्हणते तसं पुस्तकात दिलेलं नाही. मी स्वतः बारावी कॉमर्स. तिला नीट समजावून सांगायचंय, घरात करून दाखवता येईल असं काही असेल तर सांगा.
एक आई, वाळपई

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी कितीतरी वर्षं हाच धडा शिकवलाय, तक्ता पाठ करणारी मुलं शेकड्यांनी बघितली, 'का' विचारणारी बोटावर मोजण्याइतकी. आणि खरं सांगते, त्या तक्त्यात आठ-दहा ओळी असल्या तरी मुळात गोष्ट एकच आहे. झाड एका जागी उभं राहतं आणि आपलं अन्न आपणच तयार करतं, प्राण्याला अन्नामागे फिरावं लागतं. मोठे फरक सगळे इथूनच निघतात, आणि हे एकदा मुलीच्या डोक्यात बसलं की तक्ता ती स्वतःच लिहील.

तेव्हा वही जरा बाजूला ठेवा आणि बाजारातून तांबड्या भाजीची, म्हणजे लाल माठाची, एक जुडी आणा. चार-पाच पानं अख्खी, न चिरता, वाटीभर थंड पाण्यात टाका आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. पाणी जवळपास स्वच्छच राहतं, देठ तुटला असेल तिथून थोडा रंग येईल तेवढाच. आता तशीच चार पानं दुसऱ्या वाटीत घालून वरून उकळतं पाणी ओता. बघता बघता पाणी गुलाबी, मग जांभळट लाल होतं, आणि थोड्या वेळाने पान उचलून बघा, ते लाल राहिलेलंच नसतं, हिरवट झालेलं असतं. म्हणजे त्या पानात हिरवा रंग पहिल्यापासून होता, लालने झाकला होता, आणि लाल तेवढा पाण्यात गेला, हिरवा गेला नाही. का?

कारण हे दोन रंग पेशीच्या दोन वेगळ्या खोल्यांत राहतात. तांबड्या भाजीचा लाल रंग पाण्यात विरघळणारा, तो पेशीच्या मधोमध एक मोठी पाण्याची पिशवी असते तिच्यात असतो. ह्या पिशवीला मराठीत रिक्तिका म्हणतात, पुस्तकात व्हॅक्युओल. नाव रिक्तिका असलं तरी ती रिकामी नसते हो, पाणी, साखर, आम्ल, क्षार, रंग, झाडाला नको असलेला कचरा, सगळं तिच्यात, आणि वाढलेल्या पेशीत ती कधी कधी ९० टक्क्यांपर्यंत जागा व्यापते, बाकी सगळा संसार कडेला सरकलेला. उकळत्या पाण्याने पिशवीचा पातळ पडदा फाटला की रंग बाहेर. हिरवा रंग मात्र हरितलवकात, म्हणजे क्लोरोप्लास्टमध्ये, आतल्या पडद्यांना चिकटून बसलेला असतो आणि तो पाण्यात विरघळत नाही, तेलात किंवा स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणून तो पानातच राहिला. प्राण्याच्या पेशीतही बारीकसारीक पिशव्या असतात, पण सगळी पेशी व्यापणारी अशी एक मोठी टाकी नसते, आणि हरितलवक तर नसतंच.

आता भिंतीकडे या. तीच जुडी दुपारपर्यंत ओट्यावर ठेवलीत तर मान टाकते, देठ पाण्यात बुडवून ठेवलेत की थोड्या वेळाने परत ताठ. ह्या ताठपणाला हाडं नाहीत, काठी नाही, नुसतं पाणी आहे. सायकलची ट्यूब आठवा. नुसती ट्यूब टायरच्या बाहेर फुगवली तर वेडीवाकडी फुगते आणि शेवटी फुटते, पण टायरच्या आत घालून हवा भरली की घट्ट होते आणि माणसाचं वजन पेलते. झाडाच्या पेशीत पातळ पडदा म्हणजे ट्यूब आणि पेशीभित्तिका म्हणजे टायर. रिक्तिकेत पाणी शिरतं, ती फुगून पडद्याला दाबते, पडदा भिंतीला दाबतो, भिंत मागे दाबते आणि पेशी टणक होते. मोटारीच्या टायरमध्ये आपण साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतो, झाडाच्या पेशीतला पाण्याचा दाब बऱ्याचदा त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि कधी त्याहूनही जास्त असतो. एवढा दाब त्या नाजूक पानात असतो हे मला आजही विलक्षण वाटतं. भिंत सेल्युलोजची, म्हणजे साखरेचेच कण साखळीत गुंफून केलेले धागे. तेच धागे आपल्याला पचत नाहीत आणि डॉक्टर ज्याला फायबर म्हणतात ते बरचसं हेच.

मग आपल्या पेशीला टायर का नाही? कारण टायर घातलं की हालचाल संपली. हात वाकवताना स्नायूची पेशी आखडते, सैल होते, परत आखडते. जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी अंग चोरून रक्तवाहिनीच्या बाहेर सरकतात आणि जंतूला अक्षरशः कवेत घेऊन गिळतात. कडक भिंतीच्या आत बसून हे काही जमलं नसतं. ही मोकळीक मिळाली पण तिची किंमतही आहे. आपली तांबडी रक्तपेशी ७-८ मायक्रोमीटरची, एका मिलिमीटरात ओळीने सव्वाशेच्या वर बसतील, ती साध्या पाण्यात टाकली तर पाणी आत शिरत राहतं आणि ती फुटते, कारण अडवायला भिंतच नाही. म्हणून शिरेतून साधं पाणी कधी देत नाहीत, सलाइन देतात, त्यात १०० मिलिलिटरला ०.९ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे ते रक्ताच्या जोडीचं होतं. आपल्या रक्तातलं मीठ-पाणी तोलून ठेवायला मूत्रपिंडं दिवसरात्र राबतात आणि अंग उभं ठेवायला सांगाडा लागतो. झाडाने ही दोन्ही कामं पेशीच्या पातळीवरच उरकली.

ह्याची उलटी बाजू मुलीला दाखवायची तर मे महिन्यात तोरं, म्हणजे कोवळे कच्चे आंबे, मिठात चेपायला घ्याल तेव्हा तिला शेजारी बसवा. आमच्या घरी आई बरणीत तोरं आणि खडं मीठ थरावर थर घालून वर धुतलेला दगड ठेवायची, पाण्याचा थेंबसुद्धा घालायची नाही, आणि दोन-तीन दिवसांनी बघावं तर तोरं पाण्यात बुडालेली. ते पाणी आलं कुठून? तोरांच्या पेशींमधून. बाहेर मीठ जास्त, आत कमी, म्हणून पाणी आतून बाहेर ओढलं गेलं. त्या वेळी पेशीत काय होतं तर भिंत जागच्या जागी राहते आणि आतली पिशवी आकसून भिंतीपासून सुटते, टायर तसंच आणि आतली ट्यूब हवा गेल्यासारखी बसलेली. म्हणून तोर सुरकुततं, मऊ पडतं पण लगदा होत नाही, चावलं की भिंत अजून दाताखाली लागते. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, बांध फुटून किंवा मानस (पाणी अडवायचं दार) बिघडून खारं पाणी आत आलं की साधं भात माना टाकतं त्यातही हाच प्रकार मोठा, पाणी गुडघाभर आणि रोप तहानलेलं. आपलं कोरगुट भात त्या खाऱ्यात टिकतं म्हणून तर पूर्वजांनी ते जपलं. चोडणच्या खारफुटीत गेलात तर तिथली झाडं पेशीच्या पिशवीतच मीठ साठवून बाहेरच्या मिठाशी बरोबरी करतात, आणि काहींच्या पानावर तर मीठ बाहेर टाकलेलं दिसतं, बोट लावून जीभेला लावा.

रंगाचं अजून एक, कारण हे स्वयंपाकघरात रोज दिसतं. खोला गावची मिरची हिरवी असते ती लाल होते तेव्हा बाहेरून रंग येत नाही, तिच्या पेशीतली हरितलवकंच बदलून लाल लवकं होतात, हिरवं द्रव्य मोडतं आणि लाल द्रव्य साठतं. हा लाल तांबड्या भाजीच्या लालसारखा नाही, हा तेलात विरघळतो. म्हणून शाकुतीच्या, हुमणाच्या रश्शावर लाल तेल तरंगतं आणि तांबड्या भाजीचं पाणी लाल होतं पण तिच्या तेलाला रंग चढत नाही. एक लाल लवकातला, एक रिक्तिकेतला. भिरंडांचा, म्हणजे कोकमांचा, रंग दुसऱ्या जातीचा, म्हणून त्यांचा रस, आगळ, पाण्यात असा सुरेख उतरतो. उघड्यावर राहिलेला बटाटा हिरवा होतो तेही असंच, त्याची पांढरी, पीठ साठवणारी लवकं उजेडात हिरवी होतात. तो हिरवा भाग कापून टाका हं, हिरव्याबरोबर तिथे विषारी द्रव्यही वाढतं.

उरलेले फरक पटकन सांगते. झाड साखर स्टार्चच्या रूपात साठवतं, प्राणी ग्लायकोजेनच्या, पेजेच्या थेंबावर टिंक्चर आयोडीन टाकलं की निळंकाळं होतं ते स्टार्च. प्राण्याची पेशी दुभंगताना मधून दोरी आवळल्यासारखी चिमटते, झाडाची तशी चिमटू शकत नाही, भिंत आड येते, म्हणून ती मधोमध नवी भिंत बांधत नेते. प्राण्याच्या पेशीत सेंट्रिओल, म्हणजे पेशी दुभंगताना कामी येणारे बारीक भाग, असतात, फुलं येणाऱ्या झाडांत नसतात. लयकारिका म्हणजे लायसोसोम प्राण्यांच्या पेशीत ठळक, झाडात ते मोडतोडीचं काम बरचसं रिक्तिकाच करते. झालं.

आणि मुलीला मायक्रोस्कोप मिळत असेल तर कांद्याच्या आतल्या पाकळीचा पापुद्रा काढून बघायला सांगा. आमच्या वर्गात एकच मायक्रोस्कोप, आरशाने उजेड घ्यायचा जुना, जुलैत ढग आले की काही दिसायचं नाही म्हणून मी टॉर्च धरून उभी राहायचे. आयोडीनचा एक थेंब, वर काचेचा तुकडा अलगद, हवेचा बुडबुडा राहू न देता, आणि मग एकेक मूल डोळा लावायचं आणि बराच वेळ गप्प व्हायचं. चिऱ्यांच्या भिंतीसारख्या ओळी, प्रत्येक चिऱ्यात एक पिवळट तपकिरी ठिपका, ते केंद्रक, म्हणजे न्यूक्लियस. एका मुलीने विचारलं होतं, बाई हिरवं कुठाय? तिला सांगितलं की कांदा जमिनीत वाढतो, उजेड नाही तिथे हरितलवक कशाला, तेव्हा 'हिरवं असेल तर झाड' हा नियम खोडून टाक. नंतर गालाच्या आतून टूथपिकने हलकेच खरवडून मेथिलीन ब्ल्यूत बघितलं तर वेड्यावाकड्या कडांचे पातळ तुकडे, काही दुमडलेले, ओळ नाही, चिरा नाही. दोन्ही स्लाइड शेजारी ठेवल्या की तक्ता लिहून द्यावा लागत नाही.

रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाचा काप बघून 'सेल' हा शब्द वापरला तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसली. फेणीच्या गाराफांवाला, म्हणजे मोठ्या काचेच्या बाटलीला, लावतात तेच बूच, ओक झाडाची साल. त्यात जिवंत काहीच नव्हतं, पेशी केव्हाच मेलेल्या, उरल्या होत्या त्या नुसत्या भिंती. माडाचं लाकूड, काथ्या, हेही जवळपास तसंच, पेशी मेली तरी भिंत पिढ्यान्पिढ्या काम करते.

प्रश्न: भाच्याने युनिट टेस्टमध्ये लिहिलं की झाडाच्या पेशीत हरितलवक असतं म्हणून तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया नसतात. ते चूक दिलं. तो म्हणतो झाडाला अन्न सूर्यापासून मिळतं मग ते कशाला हवेत. त्याला काय सांगू?
एक मामा, कुडचडे

उत्तर: चूक दिलं ते बरोबरच, पण मुलाचा विचार वाया घालवू नका. हरितलवक साखर बनवतं, तंतुकणिका ती साखर वापरून पेशीला लागेल तशी ऊर्जा काढून देते. भात पिकवणं आणि भात शिजवून जेवणं ही दोन कामं आहेत, शेत असलं म्हणून चूल लागत नाही असं होतं का? मुळांना उजेड नाही, रात्री पानांनाही नाही, तेव्हाही पेशी जिवंत राहायला हव्यात. झाड दिवसासुद्धा श्वसन करतं, फक्त दिवसा अन्न बनवण्याचा वेग जास्त असल्याने ते आपल्या लक्षात येत नाही. त्याला आणखी एक सांगा, त्याला आवडेल. हरितलवकात आणि तंतुकणिकेत स्वतःचा वेगळा डीएनए असतो. लिन मार्ग्युलिस ह्या अमेरिकन बाईंनी १९६७ साली सविस्तर मांडलं की ही दोन्ही मुळात स्वतंत्र जगणारी जिवाणूंसारखी होती, मोठ्या पेशीने गिळली आणि न पचवता आत नांदवली. आधी कोणी फारसं मनावर घेतलं नाही, आज ते पाठ्यपुस्तकात आहे. तंतुकणिका झाडात आणि प्राण्यात दोघांत आली, हरितलवक पुढे झाडाच्याच घराण्यात.

प्रश्न: श्रावणात आमच्या घरी मासे बंद, पण रोण अळमी, म्हणजे पावसातलं मश्रूम, मिळाली की आवडीने करतात. सून म्हणते अळमी झाड नाही, मग ती शाकाहारी कशी? पेशी बघून ठरवता येईल का?
एक आजोबा, साखळी

उत्तर: आजोबा, काय खावं हे घराने ठरवायचं, पण सूनबाई शास्त्राच्या बाजूने बरोबर आहेत. अळमी झाड नाही आणि प्राणीही नाही, बुरशीचं वेगळंच राज्य आहे, रॉबर्ट व्हिटेकरने १९६९ साली सजीवांची पाच राज्यं मांडली त्यात त्याने बुरशीला स्वतंत्र घर दिलं. तिच्या पेशीला भिंत आहे, ह्या बाबतीत झाडासारखी. पण ती भिंत सेल्युलोजची नाही, तिच्यात कायटिन असतं, आणि कायटिन दुसरीकडे कुठे तर सुंगटाच्या (कोळंबीच्या) सालीत, कुर्लीच्या (खेकड्याच्या) कवचात. हरितलवक नाही, साठवण स्टार्चची नाही, प्राण्यांसारखी ग्लायकोजेनची. नात्याने बघितलं तर बुरशी झाडापेक्षा प्राण्यांना जवळची. पण तिला रक्त नाही, स्नायू नाहीत, मज्जातंतू नाहीत.

आणि रोण अळमीचं तर काय सांगू, रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर, येते म्हणून तिचं नाव तसं. रोयणीच्या पोटात वाळवी ही बुरशी मुद्दाम वाढवते, चावलेला पालापाचोळा आणि लाकूड तिला घालते, कारण वर सांगितलेली ती चिवट सेल्युलोजची भिंत मोडायला बुरशी मदत करते, आणि मग वाळवी ते खाते. पावसाचे पहिले काही आठवडे गेले की छत्री बाहेर येते ती आपण काढतो. म्हणून कळकळीने सांगते, अळमी काढताना रोयण फोडू नका, पुढच्या वर्षीची अळमी तिच्या आतच आहे.

प्रश्न: मी पेडण्याला शहाळी विकतो. एका गिऱ्हाइकाने विचारलं की शहाळ्याचं पाणी जिवंत असतं का? मी नुसता बघत राहिलो. ते झाडाच्या पेशीत येतं की नाही?
एक वाचक, पेडणे

उत्तर: तुमच्या गिऱ्हाइकाला माझा नमस्कार सांगा, कारण हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याने विचारला नाही आणि त्याचं उत्तर वरच्या सगळ्या तक्त्याला एक मोठा अपवाद आहे.

साधारणपणे झाडाच्या पेशीत केंद्रक दोन झालं की मधे भिंत पडते. नारळाच्या आत रोपासाठी जे अन्न तयार होतं तिथे सुरुवातीला असं होत नाही. केंद्रकं दोनाची चार, चाराची आठ अशी होत राहतात आणि भिंती पडतच नाहीत, सगळी केंद्रकं एकाच पाण्यात तरंगतात. कोवळ्या शहाळ्यातलं पाणी ते हेच, त्यात साखर, क्षार आणि केंद्रकं, म्हणजे भिंत नसलेलं झाड. पुढे केंद्रकं कडेला जाऊन बसतात, त्यांच्यामधे भिंती उभ्या राहायला लागतात आणि पेशी तयार होतात, त्या पहिल्या पातळ पेशी म्हणजे तुम्ही चमच्याने काढून देता ती मलई. ती जाड होत गेली की आडसर, आणखी वाढली की खोबरं. तुमच्या गाड्यावर कोवळं शहाळं, मलईचं शहाळं आणि आडसर अशी तीन शेजारी फोडलीत तर पेशीला भिंत येताना दिसते, मायक्रोस्कोप नको. तेव्हा गिऱ्हाइकाला सांगा, हो, झाडावरच्या कोवळ्या शहाळ्यातलं पाणी हा झाडाचा जिवंत भाग असतो.

ह्या पाण्यात पेशींना दुभंगायला लावणारी द्रव्यंही असतात. १९४१ साली अमेरिकेत व्हॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याचे अगदी लहान भ्रूण बाटलीत वाढवायला नारळाचं पाणी वापरलं, आणि १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात स्ट्यूअर्ड यांनी गाजराच्या पेशी नारळाच्या पाण्यात वाढवून त्यांच्यापासून अख्खी गाजराची रोपं केली. झाडाच्या कितीतरी वाढलेल्या पेशीही परत पहिल्यापासून सुरुवात करून पूर्ण झाड होऊ शकतात, आपल्या कातडीच्या पेशीला नुसतं पोषक पाण्यात ठेवून असं जमत नाही. आजही टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये ऑर्किडसाठी वगैरे नारळाचं पाणी वापरतात.

आणि एखादा नारळ विकायचा राहून त्याला कोंब आला तर फेकू नका, फोडून बघा. आत पाणी जवळजवळ संपलेलं आणि जागा भरून एक पिवळट, स्पंजासारखा गोड गोळा असतो. लहानपणी आम्ही भावंडं त्याच्यासाठी भांडायचो. तो गोळा म्हणजे रोपाचं बीजपत्र, ते करवंटीच्या आत फुगत जातं आणि पाणी, खोबरं, सगळं शोषून वरच्या कोंबाला पोचवतं.